ताटातलं नाव

"हा डच खलाशी किनाऱ्यावर पाय न ठेवता नाव देऊन मोकळा झाला," प्रकाशराव म्हणाले. "आणि वर त्याचं कौतुक. अगं, चहा टाकतेस का?"

शेवटचं वाक्य बायकोसाठी होतं. बाकीचं व्याख्यान नातीसाठी. पुण्यात तीस वर्षं भूगोल शिकवून न्यू झीलंडमधल्या लोअर हट गावी मुलाकडे राहायला आल्यापासून त्यांना ही एकच विद्यार्थिनी उरली होती, नऊ वर्षांची स्वरदा. उद्या तिला शाळेत देशाच्या नावांचा तक्ता दाखवायचा होता. सगळ्यात वर तिनं माओरी लोकांचं आओटेआरोआ, म्हणजे लांब पांढऱ्या ढगाचा देश, असं लिहून शेजारी कापसाचा लांबलचक ढग चिकटवला होता. त्याखाली त्या डच खलाशानं जहाजातूनच दिलेलं नाव. मग डच नकाशेवाल्यांनी आपल्याच एका प्रांतावरून दिलेलं दुसरं. आणि त्याचंच इंग्रजांनी केलेलं न्यू झीलंड.

"आपल्या घरचं नाव उचललं आणि दुसऱ्याच्या दारावर लावलं," प्रकाशराव तापले. "तिथं आधीपासून माणसं राहत होती, त्यांची स्वतःची नावं होती. कुणी विचारलं त्यांना? अगं, ऐकतेस ना?"

"दॅट्स लाइक आजी," कापूस दाबत स्वरदा म्हणाली. "शी वॉज नीलांबरी बिफोर. शी टोल्ड मी. आबा, डिड यू आस्क हर?"

प्रकाशरावांनी वळून बायकोकडे पाहिलं.

लग्नात त्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहिलं होतं. सगळेच लिहायचे. सुलभा हे त्यांच्या आत्याचं नाव. लाडकी आत्या, त्याच वर्षी गेलेली. नवरीला त्याआधी त्यांनी एकदाच पाहिलं होतं, कांदेपोह्यांच्या बशीपलीकडे, फार तर पंधरा मिनिटं. सासऱ्यांना गाण्याचा नाद होता आणि त्यांनी मुलीला हौसेनं रागाचं नाव दिलं होतं, हे नंतर कधीतरी कळलं. तेव्हा त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

सुलभाबाई जेवणाच्या टेबलापाशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. इथल्या तांदळात खडा औषधालाही सापडत नाही, पण हाताची सवय जात नाही. प्रकाशराव त्यांच्या शेजारी येऊन बसले. अंगठी काढायला गेले, तर ती सुजलेल्या बोटातून निघेना. मग अंगठीसकट बोटानंच त्यांनी तांदळावर सावकाश लिहिलं, नीलांबरी.

"चव्वेचाळीस वर्षं उशीर झाला," ते म्हणाले. "पण आज विचारतो. कुठलं नाव हवं तुला? तू म्हणशील ते. मुलाला सांगतो, सगळ्यांना सांगतो."

सुलभाबाईंनी ती अक्षरं वाचली. डोळे भरले ते त्यांनी मनगटानं पुसले. मग त्यांना हसू आलं.

"कुठलंही चालेल हो. आता दोन्ही माझीच आहेत," त्या म्हणाल्या. "पण लग्न झाल्यापासून तुम्ही मला नुसतं 'अगं'च म्हणताय. एकदा नावानं हाक तर मारा."