पहिली फेरी

शिडाच्या बोटीत डोलकाठीखालचं लाकूड पाणी मुरून पार कुजलं होतं. सुतारीणबाईंची पटाशी लोण्यात जावी तशी मुठीपर्यंत आत गेली. "लाकूडबिकूड बदलू नका, वरून रंग मारा. उद्या गिऱ्हाईक येतंय," मालकानं बजावलं. बाईंनी मुकाट्यानं रंग मारला.

गिऱ्हाईक बायकोमुलांना घेऊन आलं. तेव्हा बाई सगळ्यांदेखत शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आमच्याकडे रीत आहे. डोलकाठीचं काम झालं, की पहिली फेरी विकणाऱ्या मालकानं एकट्यानं मारायची. वारंही छान सुटलंय."

मालकाला दरदरून घाम फुटला. "ही कुठली रीत? कधी ऐकली नाही!"

"तुम्ही आमच्या ह्यांना बोट विकलीत, तेव्हा नव्हती," बाई म्हणाल्या. "ते बुडाल्यावर मी पाडली."