सासूबाईंचे दोन गुण

“अर्जदार स्वतः बोलणार, की त्यांच्या वतीने दुसरं कुणी?” तिघा परीक्षकांतल्या अध्यक्षबाईंनी विचारलं.

“माझी सून बोलेल,” असं म्हणून सासूबाई खुशाल खुर्चीत मागे टेकल्या.

सुनेची पाचावर धारण बसली. सासू-सून कायद्याच्या एकाच वर्गात होत्या. नोकरीतून निवृत्त झाल्यावर सासूबाईंना वकील व्हायची हौस आली आणि सोबत हवी म्हणून त्यांनी सुनेलाही ओढलं. शेवटच्या निकालात दोघींचं घोडं एकेका विषयात अडलं. सासूबाई करार कायद्यात दोन गुणांनी नापास. सून लेखीत वर्गात पहिली, पण तोंडी युक्तिवादात भोपळा. परीक्षक समोर दिसले की तिची दातखीळच बसायची. दोनदा तसंच झालं होतं. आता एकच संधी उरली होती. तीही गेली की पदवीवर पाणी सोडायचं.

आज मात्र फेरतपासणीची सुनावणी होती, सासूबाईंच्या उत्तरपत्रिकेची. सून उभी राहिली. हातातले कागद उगाच चाळू लागली.

टकल्या परीक्षकांनी उत्तरपत्रिका उचलली. “शिंप्याकडे शिवायला दिलेलं कापड दुकानाच्या आगीत जळालं. भरपाई कुणी द्यायची? शिंप्याने, दुसरं कोण देणार! आणि या बाई लिहितात, त्याने देऊ नये. पेपर लिहिताना झोप लागली होती की काय?”

सून तडकली. सासूबाईंना असं बोलायचा हक्क फक्त तिचा होता, आणि तोही मनातल्या मनात.

“सर, पुढची ओळ वाचा ना. शिंप्याने स्वतःच्या मालाइतकीच गिऱ्हाइकाच्या कापडाची काळजी घेतली असेल तर, असं लिहिलंय त्यांनी. तुमच्या प्रश्नात निष्काळजीपणाचा एक शब्द तरी आहे का? मग त्याला दोषी कशाच्या आधारावर धरायचं?”

“आणि तो इस्त्री चालू ठेवून घरी गेला असेल तर?”

“तर मी गिऱ्हाइकाच्या बाजूने भांडेन. पण प्रश्नात इस्त्रीच नाहीये, सर. ती तुम्ही आत्ता पेटवलीत.”

अध्यक्षबाईंना हसू आवरेना. टकले परीक्षकही डोळे पुसत हसले. सुनेला एवढं मोकळं कधीच वाटलं नव्हतं. अजून दोन तास बोलावं, असं तिला वाटत होतं.

“मग आईंना दोन गुण मिळतील ना?” तिने विचारलं.

“ते गेल्याच आठवड्यात दिले. त्या पास आहेत.”

सुनेने वळून पाहिलं. सासूबाई छताकडे बघत होत्या.

“मग आज हे सगळं कशासाठी?”

“परीक्षा म्हटलं की तुमची बोबडी वळते, असं त्यांनी आम्हाला कळवलं होतं,” अध्यक्षबाई कागदावर सही करत म्हणाल्या. “म्हणून आज परीक्षा आहे, हे तुम्हाला सांगितलंच नाही. तुमची शेवटची तोंडी परीक्षा आत्ताच झाली, वकीलबाई. पास झालात!”