बोटभर दही

सिस्टरनं खाटेच्या दांडीला पाटी अडकवली. लाल अक्षरांत एकच इंग्रजी शब्द. स्टार्वेशन.

"काय लिवलंय गं?" चंद्रभागाबाईंनी सुनेला विचारलं. नातवाचं हर्नियाचं ऑपरेशन म्हणून त्या चांदवडहून पहिल्या एसटीनं नाशकात आल्या होत्या.

"ऑपरेशन होईपर्यंत रुद्रला काही खायला-प्यायला द्यायचं नाही, आई. पाणीसुद्धा नाही."

"येवढं सगळं एका शब्दात? लय काटकसरी दिसती तुमची इंग्रजी."

हर्षाली हसली नाही. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि त्या पाटीकडे तर तिला बघवतच नव्हतं. इंग्रजी घेऊन बी.ए. करताना तो शब्द तिला दुष्काळाच्या धड्यात भेटला होता, बरगड्या मोजता येतील अशा पोरांच्या फोटोखाली. आता तिच्या शिकवणीची मुलं वेफर्सचं पाकीट फोडता फोडता तोच शब्द वापरायची, "टीचर, आय ॲम स्टार्विंग!" आणि इथं सिस्टर पलीकडच्या सिस्टरला सांगत होती, "चार नंबर स्टार्वेशनवर आहे," सलाइनवर आहे म्हणावं तसं. चार नंबर म्हणजे तिचा रुद्र. अजून बालवाडीत जाणारा, सकाळचं दूध चुकलेला. एवढ्याशासाठी यांना दुसरा शब्दच मिळाला नाही?

"मम्मी, पाणी."

"थोडंसं थांब, राजा."

"थोडंसं झालं ना आता."

तेवढ्यात दारातून हाक आली, "रुद्रची मम्मी कोण? सही करून जा."

हर्षाली सही करून परत आली तेव्हा रुद्रचं तोंड हलत होतं. ओठांच्या कडेला पांढरं काहीतरी लागलेलं. सासूबाई स्टीलच्या डबीला झाकण लावत होत्या.

"आई, काय दिलंत त्याला?"

"कुठं काय? बोटभर दही-साखर."

"अहो, आत्ताच सांगितलं होतं ना तुम्हाला!"

"खायला दिलं का मी? शकुनाला दिलं. येवढ्या मोठ्या कामाला निघालंय पोर, त्याला कोरड्या तोंडानं धाडायचं? तू परीक्षेला निघायचीस तव्हा तुझी आई देत नव्हती का?"

"बोटभरच ना?"

चंद्रभागाबाईंनी नजर खाली केली. "परत मागितलं गं त्यानं. भुकेजलंय लेकरू."

ऑपरेशनचा हिरवा गाऊन घेऊन वॉर्डातली मावशी आली. मागोमाग सिस्टर.

"चार नंबर, स्टार्वेशन ओके?"

हो म्हटलं की सुटलं असतं. ऑपरेशनचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच यायचे. आज हुकलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून, ही भीती, हे जागरण, हे पोराला पाण्यावाचून ठेवणं. सासूबाई डबी पदराखाली धरून तिच्याकडे बघत होत्या. नको सांगू, म्हणून मान अगदी जराशी हलवत होत्या. पण भूल दिल्यावर पोटातलं वर आलं तर ते छातीत उतरतं आणि श्वास अडतो, हे काल भुलेच्या डॉक्टरांनी हर्षालीला बसवून समजावलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "दही खाल्लंय त्यानं. मी दिलं."

"तुम्ही? शिकलेल्या दिसता हो चांगल्या! एवढी पाटी लावलीय डोळ्यासमोर, ती काय शोभेला?" सिस्टरचा आवाज अख्ख्या वॉर्डात गेला. "आता दुपारनंतर बघू. तेही डॉक्टर थांबले तर. तोवर परत स्टार्वेशन. पाण्याचा थेंब नको."

मावशी गाऊन घेऊन निघून गेली. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं हर्षालीकडे वळून बघत होती.

"म्हणजे आपण नाही जायचं?" रुद्रनं विचारलं. "मग मी पोळी खाऊ?"

नाही म्हटल्यावर तो रडायला लागला. आधी मोठ्यानं, मग हळूहळू बारीक आवाजात, आणि शेवटी तिच्या खांद्यावर तसाच झोपून गेला. हर्षालीनं त्याला खाटेवर ठेवलं आणि भिंतीला टेकली. तिचे हात अवघडून गेले होते.

चंद्रभागाबाईंनी पदराखालची डबी पिशवीत ठेवली.

"माझं नाव का नाय घेतलं?"

"जाऊ द्या ना, आई."

"मला बोलली असती ती बया, म्हणून?"

बाहेर जेवणाची गाडी खडखडत गेली. वरणाचा वास आत आला तशी चंद्रभागाबाईंनी उठून दार ओढून घेतलं. परत येऊन बसल्या आणि पाटीकडे बोट करून म्हणाल्या, "त्या शब्दाला आपल्यात काय म्हणत्यात? खरं सांग."

काही सजवून सांगायची ताकद हर्षालीत उरली नव्हती.

"उपासमार."

चंद्रभागाबाईंनी झोपलेल्या नातवाकडे बघितलं. त्याच्या गुबगुबीत मनगटाकडे, गालावर सुकलेल्या पाण्याच्या ओघळाकडे.

"ही?"

हर्षालीनं तो ओघळ बोटानं पुसला.

"बहात्तरच्या दुष्काळात माझा धाकटा भाऊ गेला. लहानू. ह्येच्याएवढाच व्हता." त्यांनी रुद्रच्या अंगावरची चादर उगाच नीट केली. "सरकारी माणूस आला व्हता घरी. इचारपूस केली, अन् जुलाबानं गेला म्हणून लिवून गेला."

चादर नीट झाली होती, तरी त्यांचा हात थांबत नव्हता.

"पोटात व्हतंच काय त्याच्या, जुलाब व्हायला?"