टाकीतली मगर

“तुमचा विश्वास बसणार नाही डॉक्टर, पण ही मगरीची करणी!” सदरा वर करून कुशीतला व्रण दाखवत म्हातारा नळवाला म्हणाला. “पाण्याच्या टाकीत उतरलो होतो, गळती काढायला. चांगली बारा फुटी! कमरेलाच धरलं तिनं. हाणला पाना टाळक्यात. तिच्या, माझ्या नव्हे.”

शेजारी बसलेल्या लेकीला हसू आलं. ती चार वर्षांची होती तेव्हा हीच मगर तीन फुटांची होती.

डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं होतं, की घरात कुणाच्या मूत्रपिंडाला कधी गाठ झाली होती का, ऑपरेशन झालं होतं का. लेकीच्या मूत्रपिंडात एक सापडली होती. टेबलावरच्या कागदावर सगळं घराणं मांडलेलं: बाया गोल, पुरुष चौकोन, गाठ झालेला तो काळा. लेकीचा गोल काळा, बाकी सगळे कोरे.

“आजोबा, नीट आठवा. घराण्यातलं असेल तर दोन्ही मूत्रपिंडं जन्मभर तपासत राहायची आणि कापताना होईल तेवढं वाचवायचं. एक जनुक असतं. प्राणवायू पुरेसा आहे, नव्या रक्तवाहिन्या नकोत, असं पेशीला सांगणारं. त्याची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. एक जन्मापासून खराब असली आणि पुढं दुसरीही बिघडली, की पेशीला वाटतं आपण गुदमरतोय. मग ती रक्त मागवत सुटते आणि गाठ पोसते.”

“म्हणजे टाकी भरलेली, तरी हे आपले नळ टाकतायत,” म्हातारा पुटपुटला.

लेक व्रणाकडे बघत होती. बरगडीखालून पोटाकडे गेलेली एकच रेघ, पट्टी लावून आखल्यासारखी.

“बाबा, मगरीला एकच दात होता का हो?”

म्हातारा सदरा खाली करायला विसरला. पोर घाबरेल म्हणून इतकी वर्षं पोसलेलं जनावर एका वाक्यात मेलं. त्यानं डॉक्टरीणबाईंच्या हातातली पेन्सिल घेतली, आपला चौकोन शोधला आणि दाबून काळा केला. एक कोपरा सोडला नाही, सांध्यातून थेंब झिरपू नये तसा.

“एका मूत्रपिंडावर तीस वर्षं काढली मी,” तो म्हणाला. “आणि माझी गाठ नारळाएवढी होती. तुझी तर वाटाणा! काय घेऊन बसलीस?”

“नारळाएवढी?” लेकीनं भुवई उचलली.

“बरं बाई, लिंबाएवढी.”