बहात्तर पायऱ्या

पुंडलिकराव पूर्ण बरे झाले. तसा रिपोर्ट आहे, रिपोर्टवर सही आहे, सहीवर शिक्का आहे. पण हे झालंच नाही असं धरून चालू. कारण या पाळीत पुंडलिकराव सहाव्यांदा क्रेनवरून उतरून राहिले होते.

शिडीला बहात्तर पायऱ्या. उतरण्याआधी लोड जमिनीवर टेकवायचा, तो लटकत ठेवून ऑपरेटरला केबिन सोडता येत नाही. मग मेन स्विच बंद. मग बहात्तर पायऱ्या. मग शेडच्या पार टोकाचं बाथरूम. मग परत बहात्तर. चढताना साधारण साठाव्या पायरीवर त्यांना पुन्हा लागायची. वर बारा, खाली साठ. ते तिथंच कठडा धरून उभे राहायचे आणि दोन्हीकडे बघायचे.

खाली अख्खी मिल कमरेवर हात ठेवून उभी असायची.

"बाटली ठेवा ना वर," नत्थू हुकवाला म्हणाला.

"दिवसभर मी तुह्याच डोक्यावरून जातो, नत्थू. विचार करून सांग."

नत्थूने विचार केला आणि सूचना मागे घेतली.

झालं असं की चैत्रात त्यांना लघवीला जळजळ सुरू झाली. इन्फेक्शन निघालं. नेहरू नगरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जळजळ गेली, पण तासातासाला लागायला लागली. म्हणून दुर्गला दुसरे डॉक्टर गाठले. रिपोर्ट साफ. तासाचा पाऊण तास झाला. मग साळ्याने अहिवाऱ्याचे डॉक्टर सुचवले. शुगर नाही, खडा नाही, प्रोस्टेट वयाच्या मानाने देखणं. पाऊण तासाची वीस मिनिटं झाली. प्रत्येक ठिकाणी त्यांचं अभिनंदन व्हायचं आणि अभिनंदन अर्धं ठेवून ते बाथरूमला जायचे.

शेवटी शिफ्ट इन्चार्ज राजकुमार साहूने त्यांना शिडीखालीच गाठलं.

"पुंडलिक भैया, सोमवार तक कागज लाओ, आपको क्या बीमारी है. नहीं तो सोमवार से स्टोर में बैठो."

"रिपोर्ट साफ आहे साहेब. बीमारीच नाही."

"तो फिर उतरते क्यों हो?"

एकोणतीस वर्षं पुंडलिकराव वर होते. रिटायरमेंटला दोन उरली होती. खाली त्यांचा चेहरा निम्म्या लोकांना माहीत नव्हता, पण पोलादाचा लाल तापलेला बिलेट ते अंडं ठेवावं तसा ठेवतात हे सगळ्यांना माहीत होतं. स्टोरमध्ये हातमोजे वाटायचे असतात.

बायको सुशीला त्यांना चौथ्या डॉक्टरकडे घेऊन गेली. ही मूळची नागपूरची, तरुण, घाईत नसलेली. तिने तपासण्या सांगितल्याच नाहीत. म्हणाली, "काका, तीन दिवस सगळं लिहून आणा. पोटात काय गेलं, किती वाजता. बाहेर काय आलं, किती वाजता."

पुंडलिकरावांनी ते क्रेनच्या लॉगबुकसारखं लिहिलं. वेळ, माप, शेरा, खाली सही. शनिवारी डॉक्टरने वही वाचली. बाहेरचा रकाना वाचून तिने मान हलवली. आतला रकाना वाचून चष्मा काढला.

"काका, तुम्ही दिवसाला सात लिटर पाणी पिता?"

"सातच. एक थेंब चुकला नाही."

"पण का?"

पुंडलिकरावांनी फाइल उघडून तीन चिठ्ठ्या टेबलावर ओळीने मांडल्या. पहिल्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, पाणी रोज तीन लिटर. दुसऱ्यांनी, पाणी दोन लिटर. तिसऱ्यांनी, पाणी दोन लिटर.

"बेरीज करून पाहा," ते म्हणाले.

डॉक्टरने बेरीज करून पाहिली. मग म्हणाली, "काका, नवीन चिठ्ठी आली की जुनी सुटते."

"असं कुठं लिहिलं आहे?"

तिने तिन्ही चिठ्ठ्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या. कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"तुम्हाला काहीही झालेलं नाही," तिने सांगितलं. "दिवसाला अडीच लिटर प्या. हळूहळू सगळं जागेवर येईल."

"तोंडी नको मॅडम. आमच्याकडे तोंडी चालत नाही."

तिने हसत लिहून दिलं. पाणी रोज अडीच लिटर. सही केली, शिक्का मारला.

ऑटोत बसल्यावर पुंडलिकरावांनी ती चिठ्ठी फाइलमध्ये लावली आणि थंड आवाजात म्हणाले, "साडेनऊ लिटर झाले."

सुशीलाने कपाळावर हात मारला. "अवो! क्रेनवर बसता तवा खालून चार जनं हात हलवून राहिले, तं चौघांचं ऐकता का तुमी?"

"नाही. सिग्नल एकाच माणसाचा. बाकीच्यांकडं पाहाचं बी नाही."

"मंग इथं कावून चौघांचं?"

मरोद्याचं घर येईस्तोवर ते मान डोलवत राहिले. सुशीलाला वाटलं, समजलं. आणि त्यांना समजलंच होतं. घरात शिरताच ते बाथरूमला जाऊन आले, कोरा कागद घेतला आणि चारही डॉक्टरांच्या नावे एकच अर्ज लिहिला:

"विषय : सिग्नलमन नेमण्याबाबत. महोदय, अर्जदारास खालून चार सिग्नल एकाच वेळी मिळत आहेत. तरी आपण चौघांनी एकत्र बसून, सोमवारी सकाळी सहाच्या पाळीपूर्वी, आपल्यातून एकच सिग्नलमन नेमावा, बाकीच्या तिघांनी आपापले हात लेखी खाली घ्यावेत, आणि तोपर्यंत प्यालेलं पाणी कोणाच्या आदेशाने प्यालं गेलं याची जबाबदारी निश्चित करावी, ही नम्र विनंती."