रिकामी सोडलेली ओळ

"पोरा, आधी यंत्र थांबव, मग हात घाल."

चेक देशातल्या ब्रनोच्या लोकर गिरणीत, मागांच्या खडखडाटात, बाप हे ओरडून सांगायचा. त्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती, म्हणून दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. तो पोर, रादोवान स्कौपिल, आता साठीला आला होता. हे वाक्य त्याने आजवर कुणापाशी तोंडाने काढलं नव्हतं.

गिरणीच्या जागी काचेची कचेरी उभी राहिली होती, आणि स्कौपिल संगणकाच्या गाभ्याचा, कर्नेलचा, एक राखणदार झाला होता. बाहेरचं यंत्र संगणकाला जोडायचं तर ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम लिहावा लागतो. स्कौपिलच्या राखणीतल्या ड्रायव्हरांची एक ओळसुद्धा त्याच्या होकाराशिवाय बदलत नसे. वीस वर्षांत त्याने होकार थोडे दिले, कातडी पुष्कळ सोलली. दर शुक्रवारी दुपारी स्टेशनजवळच्या पबात, मागच्या टेबलावर, तो लोकांचं कोड तपासायला बसे. भोवती चार-पाच जण असायचे. त्यांची स्वतःची कातडी कधीच सोलून झाली होती. आता ते दुसऱ्यांची सोललेली बघायला येत. बियर आपापल्या पैशांनी पीत, हसत मात्र त्याच्या तालावर.

त्या शुक्रवारी इलोना बेरान्कोवा ओलोमोउत्सहून गाडीने आली. हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बनवणाऱ्या लहानशा कंपनीत ती होती. रुग्णवाहिकेत कुणी यंत्राची वायर घाईने उपसली की कधीकधी अख्खा संगणक गोठायचा. मग दोन मिनिटं काळा पडदा, आणि समोर रोगी. सोमवारी आणखी चाळीस गाड्यांत ही यंत्रं बसणार होती, आणि कर्नेलमध्ये रीतसर न घेतलेली दुरुस्ती वापरायची नाही असा कंपनीचा नियम होता.

दुरुस्ती तिने सहा वेळा पाठवली होती. पहिल्यांदा शीर्षक लांब होतं. मग वर्णन तोकडं पडलं. तिसऱ्यांदा समासात एक जागा जास्त निघाली. चौथ्यांदा उत्तर आलं, 'नको.' पाचव्यांदा तेवढंही नाही. सहाव्यांदा त्याने सगळ्यांना दिसेल असं विचारलं होतं, की ओलोमोउत्सला अजून वीज आली नाही काय.

"सातवी खेप," स्कौपिल टेबलाला म्हणाला. "बाई आता स्वतः घेऊन आल्यात. टपालावरचा विश्वास उडाला."

टेबल हसलं. त्याने तिचा लॅपटॉप ओढून घेतला, उकडलेल्या पावाचा, क्नेडलीकचा, तुकडा सॉसमध्ये घोळवला आणि चघळत वाचू लागला.

वाचायला फार नव्हतंच. दोन ओळींची अदलाबदल. वायर निघाली की ड्रायव्हरने आधी यंत्राच्या हाका ऐकणं थांबवायचं आणि मग आपली जागा मोकळी करायची. जुन्या कोडात ते उलटं होतं. जागा आधी मोकळी, कान नंतर बंद. मधल्या क्षणी हाक आली की ती उजाड घरात शिरे, आणि सगळं गोठे.

तो बराच वेळ चावत राहिला. तिने हात मांडीवर धरून ठेवले होते. समासात जागा जास्त नव्हती. वर्णन तोकडं नव्हतं. शेवटी त्याचं बोट तळाशी थांबलं.

"ही ओळ रिकामी का?"

प्रत्येक दुरुस्तीच्या तळाशी, मूळ चूक कुठल्या जुन्या बदलाने आत आणली ते लिहायची रीत आहे. कुठला बदल, कुणाचा, कधीचा. सहाही खेपांत तिने ती ओळ सोडली होती, आणि शीर्षकं मोजण्याच्या नादात त्याच्या ते लक्षात आलं नव्हतं.

ती म्हणाली, की त्या ओळीवाचूनही दुरुस्ती चालते. तिच्यापुरतं एवढं पुरे होतं.

"मला पुरे नाही. मला त्या गाढवाचं नाव हवंय." तो खुर्चीत मागे रेलला. मग त्याने त्या अज्ञात माणसाला धरलं. तो कुठल्या शाळेत गेला असेल, गेला असेल तर कुठल्या बाकावर झोपला असेल, आणि कुठल्या दयाळू मूर्खाने त्याचा हा कचरा आत घेतला असेल. "असल्या माणसाला मी साधा दिवा मालवू देणार नाही. वर काचेच्या इमारतीत बसून पगार खात असेल."

टेबल पुसायची वेळ आली इतकी बियर हसण्यात सांडली.

"नाव माहितीय का तुला?"

"माहितीय."

"कधीपासून?"

"पहिल्या खेपेच्या आधीपासून."

"मग लपवतेस कशाला? नातेवाईक आहे?"

इलोनाने घड्याळाकडे पाहिलं. सोमवारला अडीच दिवस होते. होकार द्यायचा तो या एकाच माणसाने.

"घालूया का ही अशीच, इंजिनियरसाहेब? ओळ रिकामी ठेवून?" हे ती हलक्या आवाजात, अगदी विनवून म्हणाली.

"नाव," तो म्हणाला, आणि कळफलकावर बोटं ठेवून थांबला.

"चौदा नोव्हेंबर, दोन हजार आठ. रादोवान स्कौपिल."

हसणारे हसायचे राहिले. त्याने बोटं उचलली नाहीत.

"माझ्या नावावर आजकाल कुणीही काहीही खपवतं."

"खपवलं असेल," इलोना म्हणाली. "कोड कुणालाही लिहिता येतं. पण त्या दोन ओळींच्या डोक्यावर चेक भाषेत एक टीप आहे. सगळ्या कर्नेलात अशी दुसरी कुठे नाही, म्हणून मी विसरले नाही." तिने स्क्रीनकडे न बघता ती म्हणून दाखवली. "पोरा, आधी यंत्र थांबव, मग हात घाल."