अर्धवट कोलाज

कित्येक वर्षं माझं कोलाज भिंतीवर अर्धवटच लटकत होतं. मला काही केल्या सुचेना, म्हणून घरच्यांनी त्यात खिळे ठोकून किल्ल्या, छत्री, सासूबाईंचा चष्मा अडकवायला सुरुवात केली. परवा ते बघता बघता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सगळं होतं तिथंच गोंदानं चिकटवलं, खाली सही ठोकली आणि चित्र प्रदर्शनात पाठवून दिलं.

उद्घाटनाला सासरे किल्ली उचकटताना पकडले गेले.

"आजोबा, कलाकृतीला हात लावू नका!" रखवालदार ओरडला.

"अरे बाबा, आम्हाला घरी जायचंय!"

शेवटी कुलूप तोडून आत आलो. मी भिंतीवर कोरा कॅनव्हास टांगला आणि हताश होऊन बसले. आता पुढचं कधी सुचायचं?

सासूबाईंनी त्यात खिळा ठोकून चहाची गाळणी अडकवली.

"तू बस गं निवांत. आम्ही लागलो कामाला."